तोंड चुकवायला जागा नाही

बोट मागे वळते. धक्क्यावर उरतात नायिका, तिच्या दोन बॅगा आणि वारा. येताना तिला बोट लागलेली असते, चेहरा पांढराफटक, केस तोंडावर चिकटलेले. अशा अवतारात एक माणूस न विचारता तिची जड बॅग उचलून चालू लागतो आणि ती त्याच्यावर खेकसते. पान अकरा. पुढे तीनशे पानं शिल्लक आहेत, पण हिचं शेवटी जमणार ते ह्याच्याशीच, हे आपल्याला इथेच कळून चुकतं. तरी वाचायचं.

मी तर वाचतेच. परवा संपवलेल्या कादंबरीचं नाव सांगत नाही, कारण नावाने काही फरक पडत नाही. मुखपृष्ठ सगळ्यांचं सारखंच: पांढरं घर, निळी खिडकी, पायरीवर मांजर, मागे समुद्र. नायिका पस्तीस-चाळीसची. घटस्फोट झालेला, नाहीतर नोकरी गेलेली, बहुतेकदा दोन्ही. मग जेमतेम ओळखीच्या मावशीचं पत्र येतं, की एका चिमुकल्या बेटावरचं घर मी तुझ्या नावे करून जाते आहे. कादंबरीतल्या मावश्या फार वेळेवर मरतात.

पूर्वी मी अशी पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचे. हल्ली तेवढी लाज उरलेली नाही. मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था लंडनमध्ये १९०८ साली निघाली तेव्हा ती सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची, प्रेमकथांवरच सगळा भर देणं तिला पुढे सुचलं. तेव्हापासून या प्रकाराला नाकं मुरडणारेही आहेत आणि गुपचूप वाचणारेही, आणि पुष्कळदा ती माणसं एकच असतात. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने तर या प्रकाराची सरळ व्याख्या करून ठेवली आहे. गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, उमेदीचा हवा. अटी दोनच. आपल्या कहाण्यांचं तरी काय वेगळं असतं? आटपाट नगर असतं, कुणीतरी उततं, माततं, मग हाल होतात, आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते. शेवट ठाऊक असतो म्हणूनच मधले हाल सोसवतात.

हे बेट म्हणजे आटपाट नगरच. पण मग नगर सोडून बेटच का? नवा डाव मांडायला मोठं शहर काय वाईट? तिथे कुणी कुणाला ओळखत नाही.

हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता, कारण अशी पहिली कादंबरी मी वाचली ती पळून जाण्याचं पुस्तक म्हणूनच. तेव्हा माझं एक घर नुकतंच मोडलं होतं. मी फोन नंबर बदलला, भाड्याचं दुसरं घर घेतलं, दोघांच्या सामायिक ओळखीतल्या लोकांना उत्तरं देणं बंद केलं, आणि याला नवी सुरुवात म्हणू लागले. खरं सांगायचं तर हे मी त्याआधीही एकदा केलं होतं, एका नोकरीच्या वेळी, आणि नंतर एका मैत्रिणीच्या बाबतीत पुन्हा केलं. पद्धत तिन्ही वेळा तीच. बॅग भरायची, नंबर बदलायचा, पाटी कोरी. आपण पाटी पुसत नाही, नुसती दुसरी विकत आणतो, हे लक्षात यायला मला तीन पाट्या लागल्या. रात्री अंथरुणात पडून त्या नायिकेची बोट वळताना वाचली की वाटायचं, बरोबर, असंच, गेली बोट, सुटलो.

परवाच्या कादंबरीत मात्र नववं प्रकरण मी तीनदा वाचलं. आदल्या संध्याकाळी गावाच्या हॉलमध्ये बेटावरची शाळा चालू ठेवायची की नाही यावर सभा झालेली असते. शाळेत मुलं चार. नायिका येऊन जेमतेम दोन महिने झालेले, पण ती उठते आणि भर सभेत त्या बॅगवाल्याला सुनावते, की तुझा मुलगा शिकून बाहेर गेला म्हणून आता तुला दुसऱ्यांच्या मुलांचं काही पडलेलं नाही. हॉल गप्प. हे खोटं आहे, आणि बोलताबोलताच तिला ते उमगतं. पण तोंडातून निघून गेलेलं असतं.

शहरात ही गोष्ट इथे संपते. तो तिला टाळतो, ती त्याला टाळते, सहा महिन्यांनी कुणाच्या तरी समारंभात दोघं हॉलच्या दोन टोकांना उभी राहतात, झालं.

इथे दुसऱ्या दिवशी बोटीचा दिवस असतो. धक्क्यावर दोर झेलायला तोच. सामान उतरवायला तोच. टपालाची पिशवी घेऊन दारोदार जाणाराही तोच, कारण एवढ्याशा बेटावर टपालासाठी वेगळा माणूस कुठून आणणार? तिच्या नावाचं एक पार्सल आहे आणि त्यावर सही लागते. ती दार उघडते. तो पेन पुढे करतो. थंडीने पेन चालत नाही. ती पार्सलच्या कोपऱ्यावर रेघोट्या ओढून बघते, कागद फाटतो, पण शाई येत नाही. तो पेन परत घेतो, टोकावर तोंडाची वाफ सोडतो, तळहातांत धरून चोळतो, पुन्हा देतो. अर्धी सही उमटते, अर्धी नुसती खोच. "चालेल?" ती विचारते. "चालेल," तो म्हणतो आणि पुढच्या घराकडे वळतो.

पानभर नुसतं पेन चालत नाही! माफी नाही, रडणं नाही, पावसात भिजत धावणं नाही. अख्ख्या पुस्तकात मला पटलेलं प्रेम काय ते या पानावर. (पुढे पावसात भिजत धावणं येतंच. लेखिकेलाही प्रकाशकाशी संसार करायचा असतो.)

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की बेट निवडलंय ते एकांतासाठी नव्हेच. बेटावर तोंड चुकवायला जागा नसते. मी इतकी वर्षं जे सुटकेचं पुस्तक म्हणून वाचत होते, त्यात सुटकेची सोयच काढून घेतलेली होती, तीही पान अकरावर, बोट वळली तेव्हा.

हे नुसतं कादंबरीतलं कौतुक म्हणावं तर खऱ्या बेटांवरचा व्यवहारही असाच चालतो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या मध्ये जगातलं सर्वांत छोटं नियमित विमान उड्डाण आहे. अंतर २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटांहून कमी. विमान आठ-दहा माणसांचं. उतरताना शेजारच्याचा पट्टा आपल्या कोपरात अडकणार, त्याच्याशी अबोला धरून कसं चालेल? अशा लहान बेटांवर एकाच माणसाच्या डोक्यावर तीन-चार टोप्या असतात. विमान उतरताना अग्निशमनाचा बंब घेऊन उभा असलेलाच नंतर मेंढरांमागे दिसतो. त्याच्याशी एका टोपीपुरतं भांडता येत नाही.

पण या सगळ्यांत मला सर्वांत आवडते ती ट्रिस्टन द कुन्याची गोष्ट. दक्षिण अटलांटिकमधलं हे बेट माणसांच्या वस्तीपासून जगात सर्वांत लांब. सर्वांत जवळची वस्ती सेंट हेलेना, तीही सुमारे २,४०० किलोमीटरवर. केप टाउनहून बोटीने आठवडाभर लागतो, विमानतळ नाही. १८१६ मध्ये ब्रिटिशांनी तिथे सैन्याची तुकडी ठेवली आणि वर्षभरात काढूनही घेतली, पण विल्यम ग्लास नावाचा एक जण बायकामुलांसह मागे राहिला. हळूहळू आणखी काही खलाशी येऊन राहिले. अडचण एकच होती. एक-दोन घरं सोडली तर बाकी सगळे सडेफटिंग.

मग १८२७ साली या पाच ब्रह्मचाऱ्यांनी एका बोटीच्या कप्तानाला गळ घातली, की सेंट हेलेनाहून येताना आमच्यासाठी बायका घेऊन या. आणि कप्तानाने खरंच पाच बायका आणल्या! सांगतात की त्यांतल्या थॉमस स्वेन नावाच्या एकाने पैजच लावली होती, जी पहिली किनाऱ्यावर पाय ठेवील तिच्याशी मी लग्न करीन. असं कुणी कादंबरीत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा पटेल असं लिहा.

मी विचार करते त्या पहिल्या बाईचा. तिच्याबद्दल पुस्तकांतून फार थोडं मिळतं, म्हणून तिच्या मनात काय होतं हे मी ठरवणार नाही. पण एवढं नक्की, की सेंट हेलेनावर तेव्हा गुलामगिरी चालू होती आणि तिथल्या गरीब बाईपुढे निवडीला काही फार वाटा नव्हत्या. नवी सुरुवात, नवी सुरुवात असं आपण म्हणतो, पण बोटीतून कोण हौसेने उतरतंय आणि कोण नाइलाजाने, हे धक्क्यावरून ओळखू येत नाही. आमच्या नायिकेला निदान मावशीचं घर होतं.

आज तिथे अडीचशेहूनही कमी माणसं राहतात आणि आडनावं मोजकीच. ग्लास आणि स्वेन अजून आहेत. ग्रीन आहेत, ते मूळचे डच, जहाज फुटल्यामुळे आलेले. रेपेत्तो आणि लाव्हारेल्लो आहेत. ही दोन्ही इटालियन. १८९२ साली 'इटालिया' नावाच्या जहाजाला आग लागली, ते बेटावर आणून टेकवावं लागलं. बाकीचे खलाशी मिळेल त्या बोटीने घरी गेले, हे दोघं राहिले आणि त्यांनी तिथेच लग्नं केली. दोन माणसांचं घरी न जाणं अजून आडनावांत टिकून आहे.

कळस पुढेच आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये वस्तीला लागूनच ज्वालामुखी फुटला आणि सगळ्यांना, अडीचशेहून जास्त माणसांना, बेट सोडून इंग्लंडला जावं लागलं. आता बघा, ही कादंबरीची उलटी बाजू. बेटावरून निघून मोठ्या जगात नवी सुरुवात. नोकऱ्या, दुकानं, सिनेमे, डॉक्टर, रोज नवे चेहरे. सगळ्यांना वाटलं, आता हे कशाला परत जातात? १९६२ च्या डिसेंबरात त्यांनी मतदान केलं. परत जायच्या बाजूने १४८, विरोधात ५. पुढच्या वर्षी बहुतेक सगळे माघारी गेले.

या आकड्यांवर मी बरेच दिवस भाळले होते. १४८ विरुद्ध ५! पण भाळून राहण्यात अर्थ नाही. परत गेलेल्यांपैकी काही जण थोड्या वर्षांनी पुन्हा इंग्लंडला आले. मतदान करताना आठवण मत देते, राहताना गुडघे देतात. आणि मला त्या ५ जणांचंही काही वाटतं. एवढ्याशा समाजात 'नाही' म्हणणं, आणि मग त्याच १४८ जणांत दुसऱ्या दिवशी वावरणं. त्यांच्यावर कुणी कादंबरी लिहिली तर मी कव्हर न घालता वाचीन.

कादंबऱ्या ज्यावर साफ खोटं बोलतात ती गोष्ट म्हणजे घर. मावशीचं घर रिकामं आणि नायिकेची वाट बघत उभं. खऱ्या लहान बेटांवर पहिली रड घरांचीच असते. चांगली घरं सुट्टीपुरत्या येणाऱ्यांची झालेली, वर्षाचे दहा महिने बंद; आणि ज्या जोडप्याला तिथे राहून मुलं शाळेत घालायची आहेत त्याला भाड्याने खोली नाही. आयर्लंडने २०२३ मध्ये आपल्या बेटांसाठी धोरण काढलं. त्यात मोडकळीला आलेलं घर नीट करायला ८४,००० युरोपर्यंत अनुदान होतं. झालं, जगभर बातमी फिरली की आयर्लंड बेटावर राहायला पैसे देतंय. तसं काही नव्हतं. घर आधी तुमचं हवं, ते जुनं आणि काही वर्षं रिकामं पडलेलं हवं, पैसे दुरुस्तीलाच, आणि देशात राहायचा परवाना त्यासोबत मिळत नव्हता. स्कॉटलंडमध्येही बेटावर येणाऱ्यांना ५०,००० पौंडांपर्यंत देण्याची एक योजना २०२१ मध्ये पुढे आली, पण लोकांशी बोलल्यावर पुढच्याच वर्षी सोडून देण्यात आली. माझ्या एका मैत्रिणीने मला ती आयर्लंडची बातमी पाठवली होती. "तुझ्यासाठीच आहे बघ!" तिने लिहिलं होतं. अनुदानाच्या अटी मी रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले होते, हे मी तिला सांगितलं नाही.

दुसरं खोटं कॅफेचं. शंभर माणसांच्या बेटावर नायिका कॅफे काढते आणि तो चालतो. हिवाळ्यात कुणाच्या जिवावर?

एग नावाच्या बेटाबद्दल वाचलं तेव्हा मात्र वाटलं, हे कुणा कादंबरीकाराने उचलायला हवं होतं. स्कॉटलंडच्या पश्चिमेचं हे बेट वर्षानुवर्षं एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे विकलं जायचं, माणसांसकट म्हणावं तसं. १९९७ मध्ये तिथल्या रहिवाशांनी देणग्या गोळा करून स्वतःच्या ट्रस्टसाठी ते विकत घेतलं. २००८ मध्ये स्वतःची वीज सुरू केली: पाणी, वारा आणि ऊन यांच्यावर चालणारी, बेटापुरती. आणि नियम केला, की प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅट. श्रीमंताला पाच, गरिबालाही पाच. पाणी उकळायची विजेची किटली एकटीच दोन-तीन किलोवॅट खाते. कपडे धुवायचं यंत्र पाणी तापवत असताना किटली लावली आणि वर हीटर चालू केला, की घर अंधारात. मग ती वीज पुन्हा जोडायला बेटावरच्याच कुणाला तरी बोलवायचं.

डोळ्यांपुढे आणून बघा. कालच ज्याच्याशी कुंपणावरून वाजलं, त्यालाच फोन करायचा, की बाबा, माझ्या घरातली वीज गेली, ये. आणि तो येणार, टॉर्च घेऊन, कारण त्याचं तेच काम. दाराशी बूट झटकणार. तुम्ही बाजूला सरकून वाट देणार.

आता हे सगळं गोडच असतं असं मला म्हणायचं नाही. ज्या बाईला मारणाऱ्या नवऱ्यापासून पळायचं आहे तिला बेट नको, तिला मोठ्यात मोठं शहर हवं, नंबर बदललेला हवा, कुणी न ओळखणारं हवं. तिची पळवाट हीच तिची सुरुवात. शिवाय माणसं कमी असण्याचाही एक भार असतो. स्कॉटलंडच्याच पश्चिमेला दूर समुद्रात असलेल्या सेंट किल्डा बेटावरच्या लोकांनी मे १९३० मध्ये सरकारला अर्ज केला, की आता इथे माणूसबळच उरत नाही, आम्हाला न्या. २९ ऑगस्टला शेवटची ३६ माणसं निघाली. जाताना प्रत्येक घरात उघडं बायबल आणि ओटच्या दाण्यांची लहानशी रास ठेवून, दारं लावून गेली, असं म्हणतात. तिथे सगळे एकमेकांना धरून होते, कुणी कुणाला चुकवत नव्हतं, तरी नाव ओढायला चार हात कमी पडले.

माझं म्हणणं माझ्यापुरतं आहे. माझ्यावर कुणी हात उगारला नव्हता. मी निघाले होते ते संकोचाने, किंवा राग आला म्हणून, आणि पुष्कळदा माझंच चुकलं होतं आणि ते चुकलेलं बघायला दुसरं माणूस समोर नको होतं, म्हणून.

हे लिहिताना सांगून टाकते. गेले सात महिने मी जिना वापरते आहे. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि माझ्या बाथरूमचं पाणी खालच्या बाईंच्या छतातून झिरपतं. त्या पहिल्यांदा सांगायला आल्या तेव्हा मी बघते म्हणाले. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाले की पाणी तुमच्याच नळाचं असेल. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत, चिठ्ठी पाठवली, आणि मी त्या चिठ्ठीला असं काही उत्तर लिहिलं की ते आठवलं तरी कान तापतात. तेव्हापासून मी लिफ्टने जात नाही, कारण लिफ्ट तिसऱ्यावर थांबू शकते. विचारणाऱ्यांना सांगते, गुडघ्यांना व्यायाम. नवीन घराच्या जाहिरातीही बघून ठेवल्या आहेत. चौथी पाटी.

रविवारी ती कादंबरी परत द्यायला निघाले. दुसऱ्या हातात रद्दीचा गठ्ठा होता, जिना जमणार नव्हता. म्हणजे दोन फेऱ्यांत जमला असता. मी लिफ्टचं बटण दाबलं.

तिसऱ्यावर थांबलीच. दार उघडलं, बाई एकट्याच उभ्या, हातात छत्री. माझ्याकडे बघितलं, आत यायचं की नाही असा क्षणभर विचार केला असावा. मग आल्या. दार बंद झालं. मी आकड्यांकडे बघत होते. तीन. गठ्ठ्याची सुतळी बोटांत रुतत होती.

"वाढलाय," त्या म्हणाल्या. "डाग. आता पंख्यापर्यंत आलाय."

दोन.

"मी येऊन बघू का?" मी म्हणाले.

"आत्ता?"

"हे ठेवून येते खाली, मग."

त्यांनी माझ्या हातातला गठ्ठा बघितला, वरचं पुस्तक घसरत होतं ते आत ढकललं, आणि म्हणाल्या, "बेल वाजत नाही माझी. दार वाजवा."